१९४८ च्या जवानाचा गणवेश शिवून घेतलाय, पण अंगावर नीट बसेना

जळकोटकर (नळदुर्ग)

राम राम मंडळी. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या मिरवणुकीत आमच्या गावाचा चित्ररथ असतो. यंदाचा विषय १३ सप्टेंबर १९४८. पहाटे सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरली आणि नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल त्याच दिवशी ताब्यात आला, तो प्रसंग. मी त्यात शिपाई आहे.

आमची आज्जी तेव्हा सात वर्षांची होती. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी राहून तिनं गाड्या जाताना बघितल्यात. तिच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्यात: पट्ट्याचं पितळ उन्हात चमकायलं होतं ते, आणि उतरून चालणाऱ्यांच्या बुटांचा खडखडाट. आमच्याकडं दरवर्षी भाड्यानं पोलिसाचे कपडे आणून पोरांना उभं करतात. लोक त्या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, त्यामुळं तसं होत असावं. पण आली होती ती लष्कराची फौज, मेजर जनरल चौधरींच्या हाताखालची. गेल्या वर्षी आज्जी ओट्यावर बसून चित्ररथ बघत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, “हे असले नव्हते रे ते.” तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी तिच्यासमोर धड कपड्यात उभं राहायचं.

सोलापुरातून सुती खाकी ड्रिल आणलं. टेरिकॉट मुद्दाम घेतलं नाही, ते चकाकतं. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवून ३७ पॅटर्नचा (म्हणजे १९३७ च्या फौजी नमुन्याचा) वेबिंगचा, जाड विणलेल्या सुती पट्टीचा पट्टा, खांद्याचे दोन पट्टे आणि दोन काडतुसाच्या पेट्या मिळवल्या. फोटो बघून गावातल्या शिंप्याकडून शर्ट-पँट शिवून घेतली. रंग जमला, खिसे जमले. अंगात घातलं की सगळं बिघडतंय.

पँटीचं असं की वेबिंगचा पट्टा बेंबीवर बांधला की पँट त्याच्या खाली दोन बोटं उरते आणि मधून शर्ट फुगून बाहेर येतो. पट्टा खाली पँटीवर बांधावा तर पेट्या मांडीवर येतात, गुडघा टेकताना टोचतात. शर्टाचं दुखणं वेगळं. बंदूक खांद्याला लावायला हात उचलला की सगळा शर्ट वर येतो, आणि तीनदा उचलला की पँटीच्या बाहेर. खांद्याचे पट्टे सारखे घसरतात, पेट्या पुढं लोंबतात. बूट एका मित्राचे आहेत, नऊ नंबर, मला आठ लागतो, टाच आत उचलली जाते.

माझी मापं: उंची ५ फूट ७, छाती ३९, पँट घालतो तिथं कंबर ३५, बेंबीवर ३७. दीड मीटर कापड शिल्लक आहे. तीन आठवडे हातात आहेत. कृपा करून कुणीतरी रस्ता दाखवा.

शिंपीकाका (लातूर)

भाऊ, तुमच्या शिंप्याचा दोष धरू नका. त्यानं तुमच्या रोजच्या पँटीवरून माप घेतलं असणार, आणि रोजची पँट आपण सगळेच आता बेंबीच्या तीन-चार बोटं खाली घालतो. त्या काळची पँट बेंबीवर बसायची. माझे वडील इथल्या गंजगोलाईच्या बाजारात बसून शिवायचे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची पँट त्यांनी अखेरपर्यंत तशीच शिवली. फोटोत जवान पायानं लांब आणि कमरेत ताठ दिसतो तो त्यामुळंच.

म्हणजे तुम्हाला कमी पडलंय ते आसन, पँटीची कमरेपासून जांघेपर्यंतची उंची. तुमच्या पँटीचं पुढचं आसन साडेनऊच्या आसपास भरेल, मोजून बघा. पाहिजे बाराच्या जवळ. माप घ्यायची रीत सांगतो. लाकडी खुर्चीवर ताठ बसायचं, बेंबीच्या रेषेत कमरेला सुतळी बांधायची, आणि बाजूनं सुतळीपासून खुर्चीच्या पाटापर्यंत इंची टेप सोडायची. येईल त्यात एक इंच मिळवायचा.

आता आहे त्या पँटीला वर पट्टी जोडता येईल का, तर येईल. मागच्या शिवणीत दाब, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, सोडलेला असला तर दोन-अडीच इंच कंबरही सुटेल. पण तो जोड वेबिंगच्या पट्ट्याच्या खाली उघडा राहील. पट्टा सव्वादोन इंच रुंद, तो वरचंच झाकणार. पुढून पेट्या झाकतील, बाजूनं आणि मागून दिसेल. तुम्ही आज्जीसाठी करायलाव, म्हणून स्पष्ट सांगतो: पँट नवी शिवा. दीड मीटरमध्ये आरामात निघते. जुनी पँट तुमच्याहून ठेंगण्या पोराला द्या, त्याच्या बेंबीपर्यंत ती पोचेल.

नवीन शिवताना कमरेचं माप शर्ट आत खोचून घ्या, बेंबीवर, वर अर्धा इंच सैल. पुढं दोन-दोन चुण्या ठेवा, त्याशिवाय गुडघा टेकता येणार नाही. कमरेच्या पट्टीच्या आत सहा बटणं लावा आणि गॅलिस, म्हणजे पँट खांद्यावरून धरणारे पट्टे, घाला. पँट जागची हलणार नाही आणि पट्ट्याला फक्त पेट्यांचा भार राहील.

शर्टाला नवीन कापड नको. तुमचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खोल गेलाय. खोल मुंढा म्हणजे ढिला, म्हणजे हात मोकळा, असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटं. बाही शर्टाच्या अंगाला जितकी खाली जोडलेली, तितका हात वर नेताना ती अंगाला घेऊन वर जाते. कापलेला मुंढा भरून काढता येत नाही, पण काखेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, टाकता येते. सदऱ्याला टाकतात तशीच. काखेपासून बाजूची शिवण साडेतीन इंच खाली उसवा, बाहीची शिवण साडेतीन इंच पुढं उसवा. मुंढ्याच्या शिवणीला हात लावू नका. जो डोळा उघडेल त्यात साडेतीन इंची चौकोन बसवा, चारही बाजूंना अर्धा इंच दाब धरून. चौकोन उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरका, कापा, ताण सोसतो. कोपऱ्यावर आलात की सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचला, कापड वळवा, मग पुढं. मशीनवर घाई केली तर कोपऱ्यात चुणी पडते आणि ती नेमकी काखेत टोचते. हात खाली असताना कळी कुणाला दिसत नाही.

शर्टाची लांबी पण वाढवा. खाली पाच इंचाचा पट्टा कुठल्याही खाकी कापडाचा जोडा, तो पँटीच्या आत जातो.

नाटकाची ताई (परभणी)

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी युवक महोत्सवाच्या नाटकांचे कपडे करते, माझी दोनच वाक्यं. उरलेलं ड्रिल कापायच्या आधी मांजरपाटाची पँट शिवून बघा, कच्च्या टाक्यांची चालेल. आणि ती घालून, पट्टा-पेट्या-बूट सगळं चढवून, चित्ररथावर ज्या ज्या पोझमध्ये उभं राहायचंय तेवढ्या सगळ्या करा. आरशासमोर सरळ उभं राहून घेतलेली ट्रायल आमच्याकडं कधीच उपयोगाला आली नाही.

हो, आणि ड्रिल रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच कापा. सुती ड्रिल आटतं. तुमचा शर्ट आधी धुतला होता का? नसेल तर कळी टाकायच्या आधी एकदा धुऊन घ्या.

निवृत्त हवालदार (उदगीर)

जय हिंद. वेबिंगबद्दल सांगतो. माझ्या भरतीच्या वेळी ३७ पॅटर्न अजून स्टोअरमध्ये होतं, हातानं बांधलंय.

पट्टे घसरण्याचं कारण बहुतेक असं की तुम्ही ते पाठीवर सरळ उतरवलेत. ते पाठीवर एकमेकांना ओलांडून जातात. दोन्ही पट्टे नीट बघा, एकाला मधे एक फासा शिवलेला असेल. दुसरा पट्टा त्या फाशातून ओवायचा, मग फुली जागची हलत नाही. पट्ट्याचा रुंद भाग खांद्यावर आला पाहिजे. तो पाठीकडं गेला असेल तर पुढची टोकं जास्त ओढली गेलीत.

कमरेचा पट्टा लहान-मोठा करताना दोन्ही टोकं सारखी आत घ्या. एकाच बाजूनं ओढलात तर मागची दोन लहान बक्कलं पाठीच्या मधून सरकतात आणि फुली वाकडी होते. मागून कुणाला तरी बघायला सांगा, बक्कलं मणक्याच्या दोन्ही अंगाला सारखी हवीत. बांधल्यावर आत दोन बोटं जातील एवढा घट्ट ठेवा.

पेट्या लोंबतात कारण रिकाम्या आहेत. आणि मागचा भार पण नाही, जवानाच्या पाठीला पिशवी असायची. पेटीच्या आत बरोबर बसेल असा लाकडाचा ठोकळा सुताराकडून करून घ्या. थर्माकोल घालू नका, आकार येतो पण वजन येत नाही, आणि वजन नसलं की पट्टा ताणत नाही. पेटीचे पितळी आकडे पट्ट्याच्या वरच्या कडेवर पूर्ण बसलेत का तपासा. खांद्याचा पट्टा पेटीच्या वरच्या बक्कलातून खाली ओढून घ्या, टोक मोकळं लोंबू द्या.

बुटाचं: लोकरीचे दोन मोजे आणि आत एक पातळ नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तळ. लेस खालून वरपर्यंत घट्ट, घोट्याजवळ सैल सोडू नका. खिळ्यांचे बूट असतील तर गाडीच्या पत्र्यावर जपून. टाच आधी टाकलीत तर घसराल, पूर्ण तळवा एकदम टेकवा.

एक न विचारलेली गोष्ट. बटणं आणि बिल्ल्यांवर अशोकस्तंभाचे सिंह नसावेत. ते राजचिन्ह झालं २६ जानेवारी १९५० ला, ४८ च्या जवानाच्या अंगावर ते येणार नाही. साधी बटणं लावा. बाहीवर फीत लावणार असाल तर टोक खाली ठेवा, नाईकाला दोन, हवालदाराला तीन.

जळकोटकर (नळदुर्ग)

काका, ताई, साहेब, तिघांचेही मनापासून आभार. तुम्ही म्हणालात ते निघालं, बटणांवर सिंहच होते. काढून टाकले. शर्ट धुतला नव्हता. काल धुतला तर लांबीला पाऊण इंच आटला.

खुर्चीवर बसून माप घेतलं, अकरा आलं, म्हणजे आसन बारा. सध्याच्या पँटीचं पावणेदहा आहे. एक शंका: माझं पोट थोडं पुढं आहे. पट्टी पुढं खाली घसरेल का?

शिंपीकाका (लातूर)

घसरेल, जर पट्टी सगळीकडं सारखी सपाट कापली तर. मागचं आसन पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त ठेवा, पट्टी मागं उंच चढेल आणि गॅलिसला धरेल. पट्टीत बकरम, म्हणजे आतलं कडक अस्तर, घाला, नाहीतर वेबिंगच्या भारानं गुंडाळते. मांजरपाटावर आधी बघायचं विसरू नका, ताईंनी लाखमोलाचं सांगितलंय.

जळकोटकर (नळदुर्ग)

आज पूर्ण घालून बघितलं, म्हणून लिहायलोय.

मांजरपाटाची पँट दोनदा शिवावी लागली. पहिलीत उभा छान दिसत होतो, पण उजवा गुडघा टेकला की मांडीत ताण यायचा. चुण्या एक-एकच घेतल्या होत्या, दोन-दोन केल्यावर मोकळं झालं. मग ड्रिल कापलं. पँट बेंबीवर बसते. पट्टा तिच्यावर बसतो. मधली दोन बोटांची फट गेली.

उजव्या काखेतली कळी चांगली आली. डावीच्या एका कोपऱ्यात चुणी पडली, काकांनी सांगूनसुद्धा घाई केली. उसवून परत घेतली. आता बंदूक वीस वेळा खांद्याला लावली तरी शर्ट जागचा हलत नाही. पाठीवरची फुली बायकोनं बघून सरळ केली. ठोकळे बाभळीचे करून घेतले, सुतारानं पैसे घेतले नाहीत. त्या वजनानं पट्टा असा काही बसलाय की चालायची पद्धतच बदलली, आपोआप ताठ राहतोय माणूस.

बूट अजून थोडे मोठेच वाटतात. दोन मोज्यांत सुद्धा उतारावर टाच उचलते. चित्ररथावर उभंच राहायचंय, त्यामुळं चालून जाईल, पण पुढच्या वर्षी आठ नंबर शोधणार.

संध्याकाळी आज्जीसमोर जाऊन उभा राहिलो. तिला आता कमी दिसतं. तिनं जवळ बोलावलं, पट्ट्यावरून हात फिरवला, पेटीवर थाप मारून बघितली. मग अंगणात चालून दाखव म्हणाली. फरशीवर खिळे वाजले तशी डोळे मिटून ऐकत बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पितळ घासलं नाहीस.”

साहेब, बक्कल बरंच काळवंडलंय. वेबिंगच्या कापडाला डाग न पडता ते कसं घासावं?

निवृत्त हवालदार (उदगीर)

बक्कलाच्या मागं पुठ्ठा सरकवा, म्हणजे कापडाला काही लागत नाही. आधी चिंच भिजवून तिच्या कोळानं घासा, ओल्या फडक्यानं दोनदा पुसून कोरडं करा. मग ब्रासो, अगदी थोडं, मऊ फडक्यावर. सोळा तारखेच्या रात्री करा, आधी केलंत तर भाद्रपदाच्या दमट हवेत परत काळं पडतं. पट्ट्याच्या टोकांची पितळी टोपणं विसरू नका, तीही चमकायची.