गुपित माळ्यावरच्या गठ्ठ्यात ठेवावे की मैत्रिणीच्या मनात? ऐतिहासिक कादंबरीतील एका पेचाविषयी

प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. तिसरा खर्डा पूर्ण झाल्यावर मी अशा ठिकाणी अडले आहे की जाणकारांशी बोलल्याशिवाय पुढे जाता येईल असे वाटत नाही. कथानक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील इंग्लंडमध्ये घडते. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्क येथील केंद्रात दोन तरुणी काम करतात आणि एका घरमालकिणीकडे एकाच खोलीत राहतात. त्यांच्यापैकी धाकटीचे एका वैमानिकावर प्रेम आहे. १९४२ साली तो मोहिमेवरून परत येत नाही, आणि तोवर हिला दिवस गेलेले असतात. मूल दत्तक दिले जाते. पुढे ती दुसऱ्या माणसाशी लग्न करते, सुखाचा म्हणावा असा संसार करते, परंतु नवऱ्याला किंवा लग्नानंतर झालेल्या मुलीला त्या पहिल्या मुलाविषयी अवाक्षर सांगत नाही. थोरल्या मैत्रिणीला मात्र सारे ठाऊक असते.

माझा पेच दुहेरी आहे. सध्याच्या खर्ड्यात धाकटी १९७६ साली वारते आणि माळा आवरताना तिच्या मुलीला जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडतो. खर्डा वाचलेल्या दोघांनीही सांगितले की इथपर्यंत त्या जिवंत बाईवर त्यांचा विश्वास बसला होता आणि गठ्ठ्यापाशी तो उडाला. दुसरी गोष्ट मला अधिक लागते. रहस्य उघड झाले की थोरली मैत्रीण केवळ साक्षीदार होऊन उरते. चार प्रश्नांची उत्तरे देते आणि कथेतून निघून जाते. ही कादंबरी मी त्या दोघींसाठी लिहायला घेतली होती. ती आता मुलीच्या शोधाची गोष्ट झाली आहे. काय करावे?

प्रतिसाद १

आपल्या वाचकांना गठ्ठा खटकला, याचे कारण आपण निवडलेल्या जागेतच आहे असे मला वाटते. ब्लेचली पार्कमधील कर्मचाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि रुजू होताना प्रत्येकीकडून गोपनीयतेच्या कायद्याखाली सही घेतली जाई. युद्ध संपल्यावरही ते बंधन सुटले नाही. १९७४ साली या कामाची माहिती ब्रिटनमध्ये प्रथमच उघडपणे छापली गेली, तोपर्यंत या स्त्रिया आईवडिलांशी, नवऱ्याशी, मुलांशी त्याबद्दल बोलल्या नव्हत्या. आपली मुलगी युद्धात नेमके काय करत होती, हे न कळताच कित्येकींचे आईवडील गेले. गप्प राहण्याचे असे शिक्षण झालेली बाई आपले सर्वांत मोठे गुपित दोरीत बांधून माळ्यावर ठेवणार नाही.

उलट, हे सरकारी मौन आपल्या हाती आलेले घबाड आहे, आणि ते अजून वापरलेले दिसत नाही. तीस वर्षे ‘युद्धात तू काय करत होतीस?’ या प्रश्नाला तिने ‘कारकुनी’ एवढेच उत्तर दिलेले असेल. त्या एका शब्दाआड दोन गोष्टी सुखरूप राहिल्या. १९७४ नंतर त्यांतील एक बोलायची मुभा मिळते. घरातली माणसे कौतुकाने भोवती बसतात, सांग सांग म्हणतात, आणि आता तिला दर वाक्यागणिक ठरवावे लागते की १९४२ च्या हिवाळ्याबद्दल बोलताना कुठे थांबायचे. हा प्रसंग मला वाचायला आवडेल. त्यासाठी ती जिवंत हवी. तिला १९७६ मध्ये मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उलगडा कसा व्हावा, याचे उत्तर तत्कालीन कायद्यात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दत्तकविधानाला कायद्याचे रूप १९२६ साली आले. त्यात दत्तक गेलेल्या मुलाला आपला मूळ जन्मदाखला पाहण्याचा हक्क नव्हता. १९७५ च्या बालकविषयक कायद्याने तो अठरा वर्षांवरील व्यक्तींना दिला आणि नोव्हेंबर १९७६ पासून ती तरतूद अमलात आली. आधी दत्तक गेलेल्यांना दाखला मिळण्यापूर्वी एका समुपदेशकाला भेटणे बंधनकारक होते, कारण त्यांच्या आयांना कायमच्या गुप्ततेची खात्री दिली गेली आहे, असे मानले जात होते. आपल्या कथेतील मुलगा तेव्हा चौतिशीच्या आसपास असेल. आईने हा बदल वर्तमानपत्रात वाचलेला असणार, मैत्रिणीनेही वाचलेला असणार, आणि एक दिवस पत्र येईल हे दोघींनाही माहीत असणार. माळ्यावरच्या योगायोगापेक्षा हे वाट पाहणे कितीतरी बोलके आहे.

आणखी एक बारकावा आपल्या उपयोगाचा आहे. दत्तक घेणाऱ्यांची नावे जन्मदात्रीपासून लपवता येण्याची सोय १९४९ च्या कायद्याने झाली. त्याआधी संमतीच्या कागदावर ती नावे असत. म्हणजे आपल्या धाकटीच्या डोळ्यांसमोर ते नाव आलेले असू शकते. ती ते विसरू पाहील आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेली थोरली मुद्दाम लक्षात ठेवील.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु मला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावीशी वाटते. थोरलीला हे कळले कसे, याचा आपल्या प्रश्नात उल्लेखच नाही. खर्ड्यात धाकटी तिला रडत रडत सांगत असेल, तर तो प्रसंग काढून टाकावा असे मी म्हणेन.

त्या काळी ब्रिटनमध्ये प्रौढांची शिधापत्रिका फिकट पिवळसर रंगाची असे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालील मुले यांची मात्र हिरवी असे. तिच्यावर रोजचे एक पाइंट दूध, अंड्यांचा दुप्पट वाटा आणि फळे पहिल्यांदा निवडण्याचा हक्क मिळे. आता त्या खोलीतली व्यवस्था पाहा. भाडेकरूंनी आपली शिधापत्रिका घरमालकिणीच्या हाती द्यायची, कारण स्वयंपाक तिचा आणि दुकानातली नोंदणीही तिची. धाकटीने हक्काचे दूध घ्यायचे तर हिरवे पुस्तक त्या बाईच्या हातात पडणार, आणि पुस्तक घेतलेच नाही तर पोटातल्या बाळाला दूध मिळणार नाही. थोरलीला काही सांगावेच लागत नाही. ती आपल्या वाट्याचे दूध एक दिवस मुकाट्याने धाकटीच्या पेल्यात ओतते, दुसऱ्या दिवशीही ओतते, आणि तिसऱ्या दिवशी धाकटी मान वर करून बघते. मैत्री इथे दिसते.

कपड्यांवरही जून १९४१ पासून नियंत्रण होते. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने होती आणि बाईच्या अस्तर लावलेल्या लोकरी कोटाला त्यांतील १४ जात. थोरलीने स्वतःचा सैल कोट हिवाळ्याच्या तोंडावर धाकटीला दिला, तर त्याचे मोल वाचकाला आपोआप कळेल.

विरहाबद्दलही एक सांगायचे आहे. वैमानिक बेपत्ता झाल्याची तार त्याच्या जवळच्या नातेवाइकांना जाई. लग्न न झालेल्या प्रेयसीला कोणी तार करत नसे. तिला कळणार ते तिचेच पत्र न उघडता परत आल्यावर. शोक करण्याचा अधिकारच जिला नाही, तिने रात्रपाळीला वेळेवर हजर राहायचे आणि शेजारच्या दालनात काय चालते तेही विचारायचे नाही! तिथे आठ आठ तासांच्या तीन पाळ्या चालत, आणि एका खोलीत झोपणाऱ्या मुलीही एकमेकींना आपले काम सांगू शकत नसत. कामाबद्दल बोलणे बंद, म्हणून बाकी सगळ्याबद्दल बोलणे. या दोघींची जवळीक इतकी घट्ट का झाली, याचे कारण मला इथे सापडते.

प्रतिसाद ३

आधीच्या दोन्ही प्रतिसादांत मोलाची माहिती आहे, तरीही मी वस्तूची बाजू घेईन. गठ्ठा खोटा वाटतो, कारण पत्रे सगळेच सांगून टाकतात. अर्धवट बोलणारी वस्तू खोटी वाटत नाही.

लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात १७४१ पासून अर्भके घेतली जाऊ लागली. मुलाला तिथे नवे नाव मिळे. पुढेमागे ओळख पटावी म्हणून आई सोडून जाई ती एखादी खूण, बहुतेकदा कापडाचा तुकडा, नोंदीच्या कागदाला टाचून ठेवली जाई. १७६७ च्या फेब्रुवारीत एका मुलाबरोबर आलेला ठिगळकामाचा तुकडा आजही जपलेला आहे. त्यावर हृदयाची आकृती भरलेली आहे आणि तो मधोमध कापलेला आहे. त्या मुलाची आई सेरा बेंडर १७७५ साली परत आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. अशी परत येऊ शकलेली आई फार विरळा होती.

आपल्या कादंबरीत असा एक अर्धा तुकडा असेल तर उरलेला अर्धा कोणाकडे असावा? मुलाकडे, असे पटकन मनात येते. मला तो थोरलीकडे हवा. धाकटीने लग्नाच्या आदल्या दिवशी तो जाळून टाक म्हणून तिच्या हाती दिला आणि तिने जाळला नाही. ती आयुष्यभर शब्द पाळत राहिली आणि आयुष्यभर तो मोडतही राहिली. १९७७ साली मुलगा दारात आल्यावर ती तो बाहेर काढते, आणि धाकटीला कळते की आपण ज्या मौनावर संसार उभा केला, त्याची किल्ली दुसऱ्या घरात होती. त्या दोघींचे संबंध तिथे तुटतील. वैमानिक गेला त्याहून हा घाव खोल असेल, कारण तेव्हा सावरायला मैत्रीण होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. थोरलीने तुकडा जपला, ही कल्पना वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले; ती माझ्या पात्राला माझ्यापेक्षा चांगली ओळखते असे वाटले. गठ्ठा आणि माळा दोन्ही काढून टाकत आहे. धाकटी जिवंत राहील. मुलीचा शोध हा शेवटच्या भागातला एक पदर म्हणून ठेवीन. फक्त तुकडा पाहून दोघी पुन्हा बोलतील की नाही, हे मी आत्ताच ठरवणार नाही.

सुरुवातही बदलते आहे. आजवर पहिल्या पानावर विमाने होती. आता घरमालकीण न्याहारीच्या टेबलाशी उभी राहून शिधापत्रिकांसाठी हात पुढे करते, थोरली आपले पुस्तक देते, आणि धाकटी म्हणते की माझे कार्यालयात राहिले, उद्या आणते.