रि: रि: शाळेचे टॅब, रविवारच्या आत ठरवा

मेधा (सध्या सातारा)
मंडळी, काल पाटणच्या शाळेत जाऊन आले. टॅब चालू आहेत, एकाची काच तडकलीय, ते सोडा. त्यावरच्या भाषेच्या ॲपमधला तो टोपल्यांचा खेळ आठवतोय ना, डेमोला सगळे खूश झाले होते? चित्र उचलून 'तो' नाहीतर 'ती'च्या टोपलीत टाकायचं. टोपल्या दोनच! हिंदीतला जसाच्या तसा उचललेला दिसतोय. दुसरीतल्या एका पोरीला वासरू आलं, तिनं ते बोटानं दोन्ही टोपल्यांच्या मधे नेलं आणि तसंच धरून ठेवलं. म्हटलं सोड की. तर म्हणते, "कुठं सोडू? ते वासरू हाय." शेवटी बोट दमलं, वासरू 'तो'त पडलं आणि गेमनं टाळ्या वाजवून तीन तारे दिले. गुरुजी नुसते हसले. अशा ॲपचे पैसे भरायचे का?

श्रीकांत
खजिनदार म्हणून सांगतो, मुदत रविवारची आहे, नंतर दर वाढणार. एका खेळासाठी सगळं अडवायचं का? आणि भाषा आधी तपासून घ्या हे मी तेव्हाच म्हटलं होतं, सभेच्या मिनिट्समधे आहे.

नंदूकाका
मिनिट्स कोण वाचतंय. एक खेळ कसला, झाड, घर, शेत, पुस्तक, मूल, सगळं पोराच्या रोजच्या तोंडातलं 'ते' आहे. आणि गेममधे बोलणारी ती बाई बैलाचा चारा 'चार'मधल्या च नं म्हणते! आमच्या वाईला असं म्हटलं तर बैल पण वळून बघणार नाही. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. मराठी अक्षरांच्या वळणाबद्दलचा 6 नोव्हेंबर 2009 चा शासन निर्णय काय शोभेला काढला होता?

वर्षा
काका, ल चं नंतर बघू. पण तिसऱ्या टोपलीवर नुसतं 'ते' लिहून भागणार नाही, पोरं 'ते बैल'ही त्यातच टाकतील, आणि 'ते गुरुजी'सुद्धा :) चित्रात एकच वस्तू पाहिजे आणि आवाजात 'ते एक झाड' असं यायला पाहिजे.

उदय
पैसे द्यायचेच कशाला? 2019 चं ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ, म्हणजे पोरांना टॅबवर शिकवणाऱ्या ॲपसाठीचं बक्षीस, किटकिट स्कूल आणि वनबिलियन या दोन ॲपवाल्यांना वाटून मिळालं. टांझानियातल्या खेड्यांत पोरं स्वाहिलीत त्यावर वाचायला शिकली, आणि कोड सगळ्यांना खुला आहे. दोन शनिवार द्या, मराठी घालतो.

वर्षा
दोन शनिवारात? गणपतीच्या वेबसाइटला तुला आठ महिने लागले. स्वाहिली रोमन लिपीत, अक्षरं एकामागून एक. आपल्या 'दिवा'त पहिली वेलांटी दिसते द च्या आधी आणि टाइप होते नंतर. पोरगं डोळ्याला दिसतं तसं वेलांटी आधी उचलणार आणि मशीन त्याला चूक देणार. मग 'ऱ्या' आहेच, दर्या आणि दऱ्या यात फरक असतो हे त्या कोडला कोण समजावणार?

श्रीकांत
वेबसाइटचा विषय बंद झाला होता. आवाज आपणच रेकॉर्ड करून द्यायचा का? माझी भाची पुण्यात निवेदन करते, उच्चार एकदम शुद्ध.

नंदूकाका
शुद्ध म्हणजे काय हो? पाटणच्या पोरांना पुण्याचा आवाज कशाला? ती 'पाणी' म्हणेल, पोर घरी 'पानी' म्हणतं, आणि गेम लाल फुली मारणार. घरची बोली चुकीची असते एवढंच ते शिकेल. आमच्या हिला घ्या, शिरवळला बावीस वर्षं पहिलीला शिकवलंय.

वर्षा
काकू चालतील. फुली मात्र काढाच, चुकलं तर नुसतं परत ऐकवा. ण पण शिकायचाय, पण फुली खाऊन नको.

प्रसाद
मेधाताई, येताना राजवाड्याजवळून कंदी पेढे आणाल का, दोन किलो? पैसे हॉलवर देतो.

मेधा
प्रसाद, बॅगेत जागा नाही, पाव किलो मिळतील. आत्ता गुरुजींचा फोन होता. त्यांनी टॅबशेजारी खरीच एक दुरडी ठेवलीय. 'ते'वालं चित्र आलं की पोरं कागदावर ते चित्र काढून दुरडीत टाकतायत. सकाळपासून अकरा वासरं जमली, दोन तर बैलाएवढी. गेम तेवढ्यात 'वेळ संपली' म्हणून बंद पडतो. श्रीकांत, तूर्त पैसे पाठवू नकोस. तिसरी टोपली आणि काकूंचा आवाज, एवढं लेखी मागून घे, मग बघू.