हंपी एकटीने, एका दिवसात

देशमुख (ए-२०४): मंडळी, शुक्रवारी हुबळीला ऑफिसचं काम आहे. शनिवार अख्खा मोकळा मिळतोय, तर हंपी करून यावं म्हणते. एकटीच आहे. कोणी गेलंय का? एका दिवसात काय काय होतं?

जाधव काका (बी-१०१): एकटी कशाला? मागे तिकडे पर्यटकांवर हल्ला झाल्याची वाईट बातमी आली होती. आणि पडक्या देवळांत बघायचं तरी काय, मूर्ती सगळ्या भंगलेल्या.

शिंदे, सेक्रेटरी: बी विंगचा पंप दुपारी १ ते ३ बंद राहील. पाणी भरून ठेवा. बाकी हंपी चालू द्या 🙏

गोखले काकू (सी-५०३): अगं जा बिनधास्त, मी एकटीच गेले होते. काका, ती मार्च २०२५ची घटना नदीपलीकडे सानापूर तलावाजवळची, आणि रात्रीची. अंधार पडायच्या आत मुक्कामी परतायचं, निर्जन टेकड्यांवर एकटीने चढायचं नाही, एवढं पाळ. दिवसा मुख्य देवळांत वर्दळ असते.

शुक्रवारी रात्रीच होस्पेट गाठ. हंपी तिथून १२-१३ किमी. सकाळी रिक्षा दिवसभरासाठी ठरव, पैसे आधीच बोलून घे.

आणि 'सगळं' बघायला जाऊ नकोस. रिक्षावाले ठिकाणांची यादी हातात देतात आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उभं करतात. संध्याकाळी विचारलं तर एक धड आठवत नाही. तीन-चार जागा धर आणि तिथे बस. एकटं असल्याचा फायदा हाच, 'चला चला' करणारं कोणी नसतं.

पहिलं विठ्ठल मंदिर, सकाळी उघडल्या उघडल्या. ऊन चढलं की तो दगड तव्यासारखा तापतो. ५०च्या नोटेवरचा दगडी रथ तिथलाच. सगळे समोरून फोटो काढून निघून जातात. तू हत्तींच्या मागे वाकून बघ. घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या दिसतील! मुळात रथाला घोडे होते, हत्ती नंतर आणून बसवलेत. रथ अखंड दगडाचा आहे असं ठोकून सांगतील, पण तो जोडलेला आहे. सांधे नक्षीत लपवलेत.

रोहित (डी-३०२): ते वाजणारे खांब तिथेच ना?

गोखले काकू: तिथेच, पण आता वाजवू देत नाहीत. बरंच आहे, प्रत्येकाने टकटक करून झिजवले असते.
गाभारा मात्र रिकामा आहे. आपल्याकडची परंपरा सांगते की विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती तिकडे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत, त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात.

जाधव काका: हे माहीत नव्हतं. १५६५ला तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची ही राजधानी लुटली, एवढंच शाळेत शिकलो.

गोखले काकू: हो, आणि त्या फौजांत आपल्या अहमदनगरची निजामशाहीसुद्धा होती. भंगलेल्या मूर्तींचं म्हणाल तर लक्ष्मी-नरसिंह बघा. १५२८चा, एकाच शिळेतला, ६.७ मीटर उंच. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण तिचा एक हात अजून त्याच्या पाठीवर आहे. बाजूने वळून गेलं की दिसतो. धड मूर्तीपुढे मी एवढा वेळ उभी राहिले नसते. शेजारीच बडवीलिंग, म्हणजे मोठं शिवलिंग, कायम पाण्यात उभं.

दुपारी हजारराम मंदिर. बाहेरच्या भिंतीवर ओळीने हत्ती, घोडे, सैनिक, नाचणाऱ्या बायका. आतल्या मंडपाच्या भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय आणि मधे चार काळेभोर गुळगुळीत खांब. नदीपलीकडचं आनेगुंदी म्हणजेच किष्किंधा असं तिथले लोक मानतात, त्यामुळे वाली-सुग्रीव तिथे गाववाल्यांसारखे वाटतात 😄 इथे गाईड घे, नाहीतर कथा कुठून कुठे जाते कळत नाही. बाकी ठिकाणी नको.

शेवटी विरूपाक्ष. तिथे आजही पूजा चालते. मागच्या अंधाऱ्या खोलीत एका भोकातून गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती चुकवू नकोस. ऊन असेल तरच दिसते.

देशमुख: काकू, हे सेव्ह करून ठेवते. लोटस महाल, हत्तीशाळा?

गोखले काकू: हजाररामच्या जवळच आहेत. वेळ उरला तर, नाहीतर सोड. टोपी आणि पाणी विसरू नकोस, देवळादेवळांमधे सावली फारशी नाही. पायात काढायला-घालायला सोपी चप्पल. दुपारी मंडक्की (तिकडचे चुरमुरे) आणि मिरची भजी खा.

जाधव काका: ५०ची नोट भिंगाखाली धरली. घोड्यांचे पाय काही दिसेनात.

गोखले काकू: नोटेत नाही दिसणार, काका. तिकीट काढा 😄

जाधव काका: गुडघे परवानगी देतील तर. देशमुख ताई, तुम्ही मागच्या बाजूने फोटो काढून टाका ग्रुपवर.

देशमुख: नक्की काका. आणि शनिवारची माझी दुधाची पिशवी कोणीतरी घ्या प्लीज 🙏

रोहित: मी घेतो.