पडदा काळा झाला, मग तो पोरगा गेला कुठे?

आधीच सांगते, सिनेमांचे शेवट फोडल्याशिवाय या विषयावर बोलता येणार नाही. ज्यांना पाहायचेत त्यांनी आधी पाहून या.

परवा 'उडान' हा हिंदी सिनेमा (२०१०) पुन्हा लावला, या वेळी शेजारी अकरा वर्षांची लेक. शेवटी रोहन पळण्यात मारकुट्या बापाला, भैरवसिंगला, मागे टाकतो, मग परत येऊन सहा वर्षांच्या सावत्र भावाला, अर्जुनला, घेऊन जमशेदपूर सोडतो. चिठ्ठी आणि घराण्याचं घड्याळ बापासाठी ठेवून. मी नेहमीसारखी डोळे पुसत होते. लेक म्हणाली, "पण अर्जुनला शाळेत कोण घालणार? फॉर्मवर सही कोणाची?"

इतकी वर्षं मी त्या दोघांना नुसतं रस्त्याने चालत ठेवलं होतं. ते कुठे पोचले, हा प्रश्नच पडला नव्हता. तुमच्या मनात असं कोणी अडकलंय का? बिथरलेलं, घर सोडलेलं पोर, ज्याचं पुढचं तुम्ही स्वतःच रचलंत? सविस्तर लिहा.

* * *

सहीचं मी सांगते, कारण रोहन मीच होते. मी एकोणीस, भाऊ आठ. एका पहाटे त्याला उठवलं आणि निघालो. सिनेमात संगीत असतं. आमच्या वेळी त्याची एक चप्पल तुटली होती.

मैत्रिणीच्या खोलीवर राहिलो. शाळेला जुना दाखला हवा होता, आणि तो मागायला गेलं असतं तर त्यांनी आधी वडिलांना बोलावलं असतं. त्यामुळे तीन महिने तो खोलीतच. मी बाहेरून कडी लावून कामावर जायचे. हे लिहायला अजून लाज वाटते.

पण खरं अवघड ते नव्हतं. रात्री तो रडायचा, "बाबा हवेत." ज्या माणसाच्या आवाजाने तो पलंगाखाली शिरायचा, तोच माणूस. एकदा माझा हात उचलला गेला. खाली आला नाही, पण वर गेला होता. तो हात माझा नव्हता, बाबांचा होता.

भैरवसिंग मुलांकडून स्वतःला 'सर' म्हणवून घेतो, आठवतंय ना? माझ्या मनातल्या पुढच्या भागात रोहन एकदा अर्जुनवर खेकसतो, आणि अर्जुन मान खाली घालून म्हणतो, "हो सर." त्याच्यापुढे मला कधी लिहिता आलेलं नाही.

भाऊ आता तिशीत आहे. महिन्यातून एकदा बोलतो, बहुतेकदा भांडायलाच.

* * *

सिनेमा संपला की पात्र संपलं. दिग्दर्शकाने दाखवलं नाही म्हणजे ते घडलंच नाही. (तरी मी हे सगळं वाचत बसलोय, तो भाग वेगळा.)

* * *

काही वर्षं मी रेल्वे स्टेशनवर एकट्यादुकट्या मुलांसाठी काम करणाऱ्या गटात होतो, त्यामुळे माझा पुढचा भाग रुक्ष आहे, सांभाळून घ्या. फलाटावर मिसरूड फुटलेला पोरगा आणि त्याचं बोट धरलेलं सहा वर्षांचं मूल दिसलं की आमचं लक्ष तिकडेच जायचं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीतरी फोन केलेला असतो, किंवा रेल्वे पोलीस आणून सोडतात. असं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मग घरची चौकशी होते. म्हणजे भैरवसिंगला कळणारच.

म्हणून माझा रोहन निघताना स्वतःच्या कवितांच्या आधी एक कागद उचलतो. बापाच्या मारामुळे अर्जुन इस्पितळात होता, तिथला कागद. समितीपुढे तो कागद बोलतो. आणि बापाचा भाऊ, जिमीकाका, येतो. काका आला नाही तर गोष्ट फार वेगळ्या वाटेने जाते, ती मी बरीच पाहिलीय. इथे लिहीत नाही.

* * *

माझा अडकलेला पोरगा 'फँड्री'तला जब्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये थेटरात पाहिला. शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो आणि अंधार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत, कारण मला त्या दगडाची संध्याकाळ माहीत आहे.

चौदाव्या वर्षी मीही एकाला मारला होता. शब्द तसलेच होते, जे जातीवरून जब्याला ऐकावे लागतात. लागला तो कपाळाला. दुसऱ्या दिवशी माझा बाप त्याच्या बापाकडे गेला, माफी मागायला. मला नेलं नाही. परत आल्यावर जेवला नाही, बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी माराची वाट बघत होतो. मारलं असतं तर सुटलो असतो.

जब्याचा बाप कचरू तर लेकीच्या लग्नासाठी डुकरं धरत होता. दगडानंतर त्याला गावात काम कोण देणार? जब्या पुन्हा शाळेत जातो का? इथे मी दर वेळी फिरतो. कधी पाठवतो, कधी नाही. जब्याला आवडणाऱ्या शालूचं मात्र पुढचं एक अक्षर सुचत नाही. ती बघ्यांत उभी राहून हसली, तिथेच माझ्यासाठी संपली.

* * *

एकाचं पुढचं आपल्याला खरोखर कळलंय! फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या १९५९ च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मधला आंत्वान. सुधारगृहात फुटबॉल चालू असताना सटकतो, समुद्रापर्यंत धावतो, वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र गोठतं. सोळाव्या वर्षी पाहिला तेव्हा मी अख्खी वही भरून त्याला खलाशी केलं होतं.

नंतर कळलं, त्याच दिग्दर्शकाने त्याच नटाला घेऊन पुढचं दाखवलंय: १९६२, १९६८, १९७०, १९७९. खलाशी कसला! गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात काम करतो, हॉटेलात रात्रपाळी करतो, फुलं रंगवून विकतो. लग्न, मूल, घटस्फोट. रागच आला होता मला, इतक्या मोठ्या समुद्रानंतर हे?

पण पहिल्या सिनेमात शाळा बुडवल्यावर तो मास्तरांना थाप मारतो, "आई वारली." आणि वीस वर्षांनंतरच्या शेवटच्या सिनेमात आईचा जुना प्रियकर त्याला भेटतो आणि तिच्या थडग्यापाशी नेतो. माझ्या वहीत आई पहिल्याच पानावर मेली होती. मला तिची अडचण होत होती.

* * *

लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. तुम्ही सगळे निघून गेलेल्या मुलांचं लिहिताय. मी मागे राहिलेला आहे.

माझ्या मुलाने घड्याळ नाही, घराची किल्ली ठेवली, चपलांच्या कपाटावर. मी हात कधी उगारला नाही. बोलायचो. रोज, जेवताना. त्याची आई म्हणते, मारलं असतं तर निदान वळ तरी दिसले असते.

तो सिनेमा मी नंतर पाहिला. मला पुढे रोहन दिसतच नाही. चिठ्ठी वाचून झाल्यावर भैरवसिंग त्या घड्याळाचं काय करतो, एवढंच दिसतं. मी किल्ली आधी खणात टाकली होती. मग काढून परत कपाटावर ठेवली, होती तिथेच. कुलूप बदललेलं नाही.

* * *

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. धागा माझाच, म्हणून एक विचारते, म्हणजे लेक विचारतेय. भावाला घेऊन निघालेल्या ताईंना. शेवटी सही कोणाची झाली?

* * *

माझीच. तिसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं, दाखल्याचं नंतर बघू म्हणाल्या. फॉर्मवर 'वडील' छापलं होतं, त्यावर त्यांनी स्वतः रेघ मारली आणि वर लिहिलं 'बहीण'. पेन माझ्याकडे दिलं. मी घाईत तारीख चुकीची घातली, तीही त्यांनीच दुरुस्त केली.