ठासणीच्या रायफलीत खाचा किती खोल हव्यात? बाहेरून जुनी, आतून नवी चालेल का?

पेनसिल्व्हेनियाकर
लँकेस्टरच्या बाजूला राहायला आलो आणि लाँगरायफलचा नाद लागला. १८ व्या शतकात जर्मन कारागिरांनी इथं येऊन घडवलेल्या त्या लांब अष्टकोनी नळीच्या ठासणीच्या रायफली. आता लोक भरपूर डॉलर मोजून प्रतिकृती करून घेतात, मेपलचा दस्ता, पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातली कापडाचे तुकडे ठेवायची झाकणाची पेटी), चकमकीचा घोडा, सगळं अगदी जुन्यासारखं, आणि नळी बसवतात ती अशी की आतल्या खाचा (गोळीला फिरवायला नळीच्या आत पीळ देत कापलेल्या) जेमतेम ४-५ थाऊ खोल (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपवाल्यांना माहितीय). माझ्या मते ही रायफल अस्सल नाहीच. गोल गोळी खाचेला भिडत नाही हो, ती चरबी लावलेल्या कापडात गुंडाळून ठासतात, .५० इंच भोकाच्या नळीला साधारण .४९० इंचाची गोळी, आणि ते कापड खाचेत दाबलं जातं म्हणून गोळी फिरते. कापडाला जागा हवी, काळ्या दारूच्या काजळीला जागा हवी. म्हणून गोल गोळीच्या नळीला १० ते १६ थाऊ खोली ठेवतात. उथळ खाचा शिशाच्या लांबट गोळीसाठी ठीक आहेत, पण ती गोळी या रायफलीची नाहीच.

नेमबाज_ओहायो
अजिबात पटलं नाही. १९७० च्या दशकापासून कारखान्यात बनलेल्या हॉकेन पद्धतीच्या (१९ व्या शतकातल्या आखूड, जड ठासणीच्या रायफलीच्या धर्तीवरच्या) रायफली उथळ खाचांच्याच आहेत, खाचेचा पीळ ४८ इंचांत एक फेरा, आणि इथले कितीतरी लोक ठासणीची नेमबाजी त्यावरच शिकले. कापडाची जाडी नीट जुळवली तर ५० यार्डांवर गोल गोळीसुद्धा छान लागते. साफसफाई पण सोपी. नळीच्या आत डोकावून कोण बघतंय? आणि खोलीवरूनच अस्सलपणा ठरवायचा तर मग नळी पण लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून भट्टीत जोडलेली हवी, ड्रिल केलेलं स्टील कसं चालतं तुम्हाला?

पेनसिल्व्हेनियाकर
स्टील चालतं कारण तिथं सुरक्षिततेचा प्रश्न आहे, खाच उथळ ठेवायला असं कुठलंच कारण नाही. आणि आत कोण बघतं म्हणता, जुन्या नळीचं तोंड एकदा जवळून बघा. प्रत्येक खाचेच्या टोकाला कानस मारून नक्षी काढलेली असते कित्येकदा, फुलासारखी दिसते. बऱ्याच नळ्यांचं तोंड आतून किंचित मोकळं केलेलं असतं, गोळी अंगठ्यानं आत जावी म्हणून. उथळ खाचेला ते तोंड तसं दिसूच शकत नाही.

टूलरूम_पिंपरी
मी भारतातनं वाचतोय, ठासणीची रायफल कधी हातात धरलेली नाही, पण ब्रोचिंग-रीमिंग (धातूत खाचा कापणं, भोकं मापात आणणं) रोजचं काम आहे म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही आकडा धरून बसलाय आणि तिथंच गडबड आहे. त्या काळचं रायफलिंगचं (नळीत खाचा कापायचं) बाक म्हणजे लाकडाचा पीळ असलेला गाइड, त्याला जोडलेला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला छोटंसं कटर. एकदा ओढलं की केसभर धातू निघतो. मग गाइड एक घर फिरवून पुढची खाच, अशा बहुतेक वेळा सात. सगळ्या झाल्या की कटरच्या खाली कागदाचा एक तुकडा सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याच्याकडं मायक्रोमीटर नव्हता, हाताला बरोबर वाटलं की थांबायचा. त्यात परत नळी झिजली की लोक ती गनस्मिथकडे परत आणायचे. तो आत शिसं ओतून खाचांचा साचा घ्यायचा, त्यातच कटर बसवून जुन्याच खाचा पुन्हा खोल करायचा, भोक थोडं मोठं व्हायचं म्हणून गोळीचा साचाही नवा. म्हणजे आज म्युझियममधल्या रायफलीची खोली मोजली तरी ती पहिल्या दिवसाची आहे हे कशावरून?

इतिहासवेडी
टूलरूम, लाँगरायफलपुरतं मान्य. पण आकड्याला किंमतच नाही हे नाही मान्य. १८६१ ची स्प्रिंगफील्ड रायफल घ्या, अमेरिकन यादवी युद्धातली. सरकारी नमुना, तीन खाचा, ७२ इंचांत एक फेरा, खोली दारूच्या बाजूला १५ थाऊ आणि तोंडाकडे येता येता ५ थाऊ. हे मुद्दाम होतं, मिनिए गोळीचा (शिशाची लांबट गोळी) बुडाचा पोकळ भाग स्फोटानं फुगून खाचेत घुसायचा आणि पुढं जाताना पकड आणखी घट्ट व्हायची. ज्या प्रतिकृतीत ही खोली सरसकट एकसारखी आहे ती कागदोपत्रीच चूक आहे, मग बाहेरून शिक्के कितीही बरोबर असोत.

नेमबाज_ओहायो
स्प्रिंगफील्डचं ठीक, तिथं ऑर्डर देणारं सरकार होतं. लाँगरायफलला कुठलं सरकार? टूलरूमचं ऐकलं तर माझी ५ थाऊवाली पण चालायला हवी की.

पेनसिल्व्हेनियाकर
नाही चालणार, आणि टूलरूमनं सांगितलेल्यातूनच ते निघतं. तो कारागीर आकडा बघत नव्हता हे खरं, पण कापडातली गोळी डोळ्यासमोर ठेवूनच कागदाचे तुकडे वाढवत होता. खाचा सरळ, अजिबात पीळ नसलेल्याही काही जुन्या नळ्या आहेत इथं, त्या तर गोळी फिरवायला नव्हत्याच, काजळीला जागा मिळावी म्हणूनच असाव्यात असं मला वाटतं. तेव्हा १२ की १४ यावर मी भांडणार नाही, पण कापडाला जागाच न ठेवणारी नळी त्या बाकावर कुणी मुद्दाम कापली असती असं मला तरी वाटत नाही. नवी रायफल करून घेणाऱ्यांनी लाकूड निवडण्याआधी नळीवाल्याला खाचेची खोली आणि तळ गोल की चौकोनी हे विचारा, आणि पहिल्या दिवशी बार काढल्यावर गोळीभोवतीच्या कापडाच्या समोर पडलेल्या चिंध्या उचलून बघा. कडेनं फाटलेली किंवा मधे जळून भोक पडलेली चिंधी दिसली तर कापड आणि नळीचं जमलेलं नाही.

टूलरूम_पिंपरी
गोल तळाची खाच साफ करायला सोपी जात असणार, कोपराच नाही ना अडकायला. चौकोनी तळ आणि गोल तळ, दोन्हीच्या चिंध्यांचे फोटो टाका कुणीतरी.