किराणा खरेदीतील काटकसर: जबाबदारी एकाची की साऱ्या घराची?

(प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

जमाखर्च (चर्चेचा प्रस्ताव)

बहुतेक घरांत किराणा एकच व्यक्ती भरते. काय संपत आले आहे, कोणत्या पाकिटाची मुदत जवळ आली आहे, महिनाअखेरीस हाती किती उरेल, हा सगळा हिशेब तिच्याच डोक्यात असतो आणि बाकीच्यांचा संबंध डबा उघडण्यापुरता उरतो. ही व्यवस्था त्या व्यक्तीवर अन्याय करणारी आहे, आणि ती खर्चिकही आहे, असे माझे ठाम मत आहे. वस्तू वापरणाऱ्यालाच तिची किंमत ठाऊक नसेल, तर खरेदी करणाऱ्याने कितीही हात आखडता घेतला तरी गळती थांबत नाही.

गळती किती मोठी असते, याची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालावरून येते. त्यानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साधारण ६० टक्के घराघरांतून गेले. म्हणजे विकत आणलेल्या, पैसे मोजलेल्या वस्तू आपण टाकून देतो. दुकानात चार पैसे वाचवण्यापेक्षा ही नासाडी रोखण्यात मोठी बचत आहे आणि ते काम एकट्याच्या आवाक्यातले नाही.

म्हणून खरेदीची यादी घरातील सर्वांनी मिळून करावी, खर्चाची मर्यादा सर्वांना सांगावी आणि काय कमी करायचे हेही सर्वांनी मिळून ठरवावे, असे मी सुचवते.

उंबरठा

हेतू चांगला असला तरी मला हा प्रस्ताव मान्य नाही. दुकानाची मांडणी ग्राहकाच्या सोयीपेक्षा विक्रीच्या हिशेबाने केलेली असते. १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेतील मेम्फिस येथे पिगली विगली हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान उघडले. त्याआधीची सर्वसाधारण रीत अशी होती, की गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि नोकराने फळीवरून माल काढून द्यायचा. ग्राहकाचा हात थेट मालापर्यंत पोहोचू लागल्यावर यादीबाहेरच्या वस्तू त्याच्या नजरेस कशा पडतील, याचा बारकाईने विचार सुरू झाला. रोज लागणाऱ्या वस्तू दुकानाच्या टोकाला, मुलांना आवडणाऱ्या वस्तू त्यांच्या नजरेच्या उंचीवर आणि छोटे मोहाचे जिन्नस पैसे भरण्याच्या रांगेलगत ठेवलेले असतात. अशा जागी जितकी माणसे जास्त, तितके मोहाचे प्रसंग जास्त.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यावर १९८० पासून बंदी आहे, कारण जाहिरातीमागचा हेतू ओळखण्याची समज त्या वयात पुरती आलेली नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले होते, की रुंद पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले तर साधारण सात वर्षांखालील मुलांना ते वाढल्यासारखे वाटते. ज्याला पेल्यातले पाणी जोखता येत नाही, त्याच्या हाती पाकिटांची निवड कशी सोपवणार?

जमाखर्च

आपला मुद्दा दुकानात जाण्यासंबंधी आहे आणि माझा प्रस्ताव दुकानात जाण्यापूर्वीच्या कामासंबंधी आहे. सर्वांनी मिळून दुकानात जावे, असे मी कोठेही म्हटलेले नाही. यादी घरात ठरली की ती घेऊन एकानेच जाणे उत्तम, यात आपले एकमत आहे.

पियाजे यांच्या प्रयोगातून मी वेगळा अर्थ काढते. वय वाढते तशी ही समज येते आणि ती वापरायला दिली की पक्की होते. आमच्या घरात पाकिटांवरील वजन वाचण्याचे काम मुलीकडे आहे. मागे एकदा तिने नवे पाकीट आणि संपत आलेले जुने पाकीट ओट्यावर शेजारी शेजारी उभे केले. रंग, उंची, रुंदी सारे तेच होते. मात्र खालच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांत १ किलोच्या जागी ८५० ग्रॅम छापलेले होते. किंमत पूर्वीचीच होती. तिने किमतीला वजनाने भागले आणि किलोमागे पडणारा दर पाकिटावरच पेनाने लिहिला. तेव्हापासून कोणतेही मोठे पाकीट घेताना ती हाच भागाकार करून पाहते, कारण मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही.

सरळरेष

या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. सगळ्यांना सहभागी करून घ्यायचे ते कोणी? यादी करायला सर्वांना बसवायचे, आठवण द्यायची, मुलाला भागाकार समजावायचा, नवऱ्याने विसरलेली वस्तू पुन्हा आणायची, ही कामे ज्या बाईकडे आधीपासून किराणा आहे तिच्याच वाट्याला येतात. म्हणजे तिचे काम कमी होत नाही. त्यात एका जास्तीच्या कामाची भर पडते आणि घर मात्र ‘आम्ही सगळे मिळून करतो’ या समाधानात राहते.

मला सहभाग नको, वाटणी हवी. एखादा विभाग, उदाहरणार्थ साफसफाईचे सामान, एका व्यक्तीकडे पूर्णपणे सोपवावा. ते संपत आले आहे हे लक्षात येण्यापासून दर पाहणे, आणणे आणि जागेवर ठेवणे, इथपर्यंत सारे तिचेच. विसरले तर त्या आठवड्यात साबणावाचून अडेल आणि तसे अडू द्यावे. ‘काय आणू ते सांग’ असे विचारणारा माणूस केवळ ओझे उचलतो, जबाबदारी उचलत नाही.

दिवेलागण

मी शिक्षक आहे आणि माझी हरकत मुलांच्या बाजूने आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. ज्या घरात हा वाटा फार मोठा आहे, तिथे यादीतून काही कापणे म्हणजे कोणाच्या तरी ताटातून कापणे असते. अशा घरातील मूल हिशेबाला बसले की ते भागाकार शिकत नाही, मागणे सोडून देते. भूक असताना ‘मला नको’ म्हणणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्यांचे शहाणपण वयाला शोभणारे नव्हते आणि त्याचे कौतुक करणाऱ्या मोठ्यांचे मला फार वाईट वाटत आले आहे.

जमाखर्च

सरळरेष यांची सूचना मला पूर्णपणे पटते आणि मूळ प्रस्तावात ती धरावी, असे मला वाटते. दिवेलागण यांचा मुद्दा अधिक अवघड आहे. तरीही घरात ओढाताण असेल तर ती मुलांपासून लपत नाही. मोठ्यांच्या दबक्या आवाजातील बोलण्यातून ती त्यांना कळतेच, आणि अर्धवट कळलेली गोष्ट जास्त घाबरवते. मुलांना उत्पन्न आणि कर्जाचे आकडे सांगू नयेत. ‘या आठवड्यात एवढ्यात भागवायचे आहे’ एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यासोबत एक पथ्य मी आवश्यक मानते: पोटभर जेवण हा काटछाटीचा विषय नाही, हे मुलांसमोर स्पष्ट शब्दांत सांगावे आणि प्रत्येकाच्या आवडीची एक तरी वस्तू यादीत कायम राहावी.

दिवेलागण

हे पथ्य पाळले जाणार असेल तर माझी हरकत सौम्य होते, पण मिटत नाही. जिथे आवडीच्या वस्तूलाही जागा नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. त्या घरांतील मुलांना या हिशेबापासून दूरच ठेवावे, असे माझे म्हणणे कायम आहे.

उंबरठा

वाटणीबद्दल माझी एक व्यावहारिक शंका आहे. विभाग वेगवेगळ्या हातांत गेले की एकूण खर्चाचा ताळमेळ कोणाजवळच राहत नाही. एकाने बचत म्हणून मोठे पाकीट आणायचे आणि त्याच वस्तूचे आधी संपवण्याजोगे दुसरे पाकीट फडताळात मागे पडून राहायचे, असे होणारच. मुदतीच्या तारखाही सगळ्या सारख्या नसतात. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही सूचना चव आणि दर्जासंबंधी असते, तर ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सूचना सुरक्षिततेसंबंधी असते. हा फरक घरातील प्रत्येकाला ठाऊक असेल, असे गृहीत धरता येत नाही. पहिली तारीख उलटली म्हणून चांगली वस्तू टाकली जाते आणि दुसरी उलटूनही वस्तू खाल्ली जाते. माझ्या मते संपूर्ण कारभार एका वेळी एकाच प्रौढाकडे असावा, पण दर तीन महिन्यांनी तो पुढच्याकडे जावा. त्यामुळे ताळमेळ राहील आणि भारही एकाच व्यक्तीवर कायमचा पडणार नाही.

सरळरेष

पाळी बदलण्याची कल्पना मला चालेल. मात्र सोपवताना फडताळात काय आहे, कशाची मुदत केव्हा संपते आणि मागील तीन महिन्यांत किती खर्च झाला, हे कागदावर लिहून द्यावे लागेल. तो कागद नसेल तर पाळी नव्या माणसाची असूनही विचारणा जुन्याच माणसाकडे होत राहील. आपल्या घरात तो कागद कोण लिहील आणि कोण वाचील, याचे उत्तर उंबरठा यांनी द्यावे.