मदत हवी आहे: लोहाची वर्तुळं आणि चौकटी जुळत नाहीत

लोहाच्या अणूतले इलेक्ट्रॉन कवचांच्या वर्तुळांत आणि उपकवचांच्या (कवचांच्या भागांच्या) चौकटींत मांडायचे आहेत. लोहाचा अणुअंक २६, म्हणजे इलेक्ट्रॉनही २६. कवचाची क्षमता २ × कवचाच्या क्रमांकाचा वर्ग, म्हणून के, एल, एम या पहिल्या तीन कवचांत २, ८, १८. मग संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, १६ यायला हवं, पण बरोबर उत्तर २, ८, १४, २ आहे. शिवाय चौकटींच्या आकृतीत ३डी (तिसऱ्या कवचातलं डी उपकवच) सगळ्यात शेवटी भरतं, म्हणून फेरस आयनासाठी (२ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) तिथलेच २ इलेक्ट्रॉन काढले, तर तेही चूक. कुठे बिघडतंय?

प्रतिसाद १
त्या सूत्राने कवचात जास्तीत जास्त किती मावतात एवढंच कळतं, आधी कुठे भरायचे ते नाही. भरताना उपकवचं बघा (एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १० मावतात): १एस, २एस, २पी, ३एस, ३पी इथवर १८ झाले. पोटॅशियमचा १९वा आणि कॅल्शियमचा २०वा ४एसमध्ये जातो, कारण एसमधला इलेक्ट्रॉन आतल्या कवचांना भेदून केंद्रकाच्या बराच जवळ पोचतो. उरलेले ६ जातात ३डीत. वर्तुळं काढताना उपकवचाच्या नावातला आकडा बघून बेरीज करा. एममध्ये २ + ६ + ६ = १४, एन या चौथ्या कवचात ४एसचे २.

प्रतिसाद २
आयनाबद्दल. भरण्याचा क्रम एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना लागू होतो, तिथे प्रत्येक वेळी केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो. आयन होताना केंद्रक तेच राहतं. स्कँडियमपासून पुढे ३डीची ऊर्जा ४एसच्या खाली गेलेली असते आणि ४एस हे बाहेरचं कवच, त्यामुळे आधी तेच रिकामं होतं. फेरस २, ८, १४. फेरिक (३ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) २, ८, १३.

आता चौकटी. एक बाण म्हणजे एक इलेक्ट्रॉन, एका चौकटीत जास्तीत जास्त दोन. ३डीच्या पाच चौकटींत आधी एकेक बाण, सगळे वर तोंड करून. सहावा पहिल्या चौकटीत उलटा. सुटे राहतात ४. बाण पहिल्यापासून जोडीने भरत गेलात तर तीन जोड्या होऊन सुटा एकही उरत नाही, आणि मग मोकळ्या फेरस आयनाचं सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे येणारं चुंबकत्व समजावताच येणार नाही. सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

मूळ प्रश्नकर्ता
म्हणजे क्रोमियम २, ८, १२, २?

प्रतिसाद २
नाही, २, ८, १३, १. ३डीत ५ आणि ४एसमध्ये १, सहाही बाण सुटे. तसंच तांबं २, ८, १८, १. पहिल्या ओळीतल्या संक्रमण मूलद्रव्यांत (स्कँडियमपासून ३डी भरत जाणारी) हे दोनच अपवाद, ते पाठच करा.